विश्लेषण : दातांवरचे लाळेचे कवच; नव्या संशोधनाची खरी गरज कोणाला?

दातांच्या इनॅमलची झीज भरून काढल्याचे दावे करणारी दोन संशोधने २०२५ मध्ये ब्रिटनमधून जाहीर झाली. ‘लोकरीपासून टूथपेस्ट’, ‘दात पुन्हा घडवणारी जेल’ अशा मथळ्यांनी ती जगभर पोहोचली. त्याच वेळी ब्राझीलमध्ये उसातील एका प्रथिनावर वेगळ्या दिशेने काम सुरू आहे. या तिन्हींच्या मुळाशी एकच जुनी गोष्ट आहे. माणसाची लाळ दातांवर प्रथिनांचा एक अतिशय पातळ पापुद्रा चढवते आणि दात टिकण्यात त्याचा मोठा वाटा असतो. हा पापुद्रा कसा तयार होतो, तो नाहीसा झाला तर काय होते आणि भारतात या प्रश्नाला वेगळे महत्त्व का आहे, याचा आढावा.

बातम्या नेमक्या काय आहेत?

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये केराटिनवरील प्रयोग प्रसिद्ध केले. केराटिन हे केस, नखे, त्वचा आणि लोकरीत आढळणारे प्रथिन. संशोधकांनी ते लोकरीतून वेगळे केले आणि दातांवर लावले. लाळेतील खनिजांशी संपर्क आल्यावर त्याची स्फटिकासारखी चौकट तयार होते आणि तिच्यावर इनॅमलसारखा थर चढतो, असे त्यांना दिसले. नोव्हेंबर २०२५ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातील गटाने ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रथिनयुक्त जेलचे निष्कर्ष मांडले. बालपणी इनॅमल घडवणाऱ्या नैसर्गिक प्रथिनाची नक्कल ही जेल करते. ती लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट ओढून घेते आणि जुन्या स्फटिकांच्या रचनेला धरून नवे खनिज वाढवते.

दोन्ही निष्कर्ष महत्त्वाचे आहेत, मात्र ते प्रयोगशाळेत, काढलेल्या दातांवर मिळालेले आहेत. माणसाच्या तोंडात वर्षानुवर्षे हा थर टिकतो का, हे रुग्णांवरील चाचण्यांतूनच ठरेल. शिवाय दोन्ही पद्धतींना खनिज पुरवणारी लाळ लागते. बातम्यांमध्ये हा मुद्दा मागे पडला, पण पुढच्या चर्चेचा कळीचा मुद्दा तोच आहे.

इनॅमल स्वतःची दुरुस्ती का करू शकत नाही?

इनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. वजनाच्या हिशेबाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो आणि हे खनिज म्हणजे कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक. हाड मोडले तर जुळते, कारण त्यात जिवंत पेशी असतात. इनॅमल घडवणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीतून वर येईपर्यंत संपून जातात. त्यामुळे आयुष्यभर पुरवायचे इनॅमल एकदाच मिळते.

तोंडातील आम्लता वाढून पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधील खनिज विरघळू लागते. साखर किंवा मैद्याचे पदार्थ खाल्ल्यावर दातांवरील जिवाणू आम्ल तयार करतात आणि काही मिनिटांतच ही पातळी ओलांडली जाते. अमेरिकी संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४०च्या दशकात हा चढउतार मोजला. साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर पीएच झपाट्याने कोसळतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागू शकतो, असे त्यांच्या आलेखातून दिसले. म्हणजे खाण्याच्या प्रत्येक वेळी इनॅमलमधून थोडे खनिज जाते आणि नंतर लाळेतून थोडे परत येते. जाणे वाढले आणि येणे घटले की दात किडतो.

लाळेचा पापुद्रा कसा तयार होतो?

दंतवैद्याकडे दात स्वच्छ करून घेतल्यावर ते जिभेला काचेसारखे कोरडे, करकरीत लागतात. थोड्या वेळाने तेच दात पुन्हा गुळगुळीत, निसरडे वाटू लागतात. मधल्या काळात लाळेने आपले काम केलेले असते. स्वच्छ इनॅमलचा लाळेशी संबंध येताच काही सेकंदांत प्रथिने चिकटू लागतात. काही मिनिटांत १० ते २० नॅनोमीटर जाडीचा पहिला थर बसतो. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे हजारो थर मावतील. पुढे तासा-दोन तासांत तो वाढून स्थिरावतो. दंतशास्त्रात त्याला ‘पेलिकल’ म्हणतात. दात घडताना तयार होणाऱ्या आवरणांपासून तो वेगळा आहे आणि लाळेतून नंतर मिळवलेला आहे, ही विभागणी १९६३ मध्ये ब्रिटिश दंतशास्त्रज्ञांनी रूढ केली.

हे चिकटणे अपघाताने होत नाही. लाळेत ९९ टक्के पाणी असते. उरलेल्या एका टक्क्यात क्षार आणि शेकडो प्रकारची प्रथिने असतात. त्यांपैकी स्टॅथरिन हे अवघ्या ४३ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन. त्याच्या एका टोकाला फॉस्फेट जोडलेले असल्याने तिथे ऋणभार एकवटलेला असतो. इनॅमलच्या पृष्ठभागावरील कॅल्शियमचा भार धन असतो. त्यामुळे स्टॅथरिन त्या टोकाने दाताला घट्ट बसते आणि त्याचे दुसरे टोक लाळेच्या बाजूला मोकळे राहते. प्रोलीन या अमिनो आम्लाने समृद्ध असलेली प्रथिने आणि हिस्टॅटिन अशाच रीतीने दाताला धरतात. मग या पहिल्या फळीवर म्युसिन, अमायलेज, लायसोझाइम आणि रोगप्रतिकारक प्रतिपिंडे येऊन बसतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या इवल्याशा पापुद्र्यात १३० प्रथिने ओळखली गेली.

हा पापुद्रा काय काम करतो?

पहिले काम वंगणाचे. म्युसिनसारखी पाणी धरून ठेवणारी प्रथिने दात आणि दात, दात आणि गाल यांच्यातील घर्षण कमी करतात. दिवसभर चावताना, बोलताना दात एकमेकांवर घासूनही ते लवकर झिजत नाहीत, त्यामागे हे वंगण असते.

दुसरे काम चाळणीचे. पापुद्रा आम्लाला पूर्णपणे अडवत नाही, पण ते इनॅमलपर्यंत पोहोचण्याचा वेग कमी करतो. विरघळलेले कॅल्शियम बाहेर निसटण्याचा वेगही तो घटवतो. जेवणानंतरच्या सौम्य आम्लासमोर हा अडथळा उपयोगी ठरतो. लिंबाच्या रसासारखे किंवा कोलासारखे तीव्र आम्ल वारंवार आले तर मात्र पापुद्रा टिकत नाही. वरच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला हा थर सर्वांत पातळ असतो आणि आम्लाने होणारी झीज बहुधा तिथेच जास्त आढळते.

तिसरे काम सर्वांत नाजूक आहे. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट इतके भरलेले असते की रसायनशास्त्राच्या नियमाने ते आपोआप खडे होऊन साचायला हवे. तसे झाले तर दातांवर खनिजाची पुटे चढतील आणि लाळेच्या नलिका बुजतील. स्टॅथरिन हे खनिज विरघळलेल्या स्थितीत रोखून धरते. ‘स्थिर करणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच त्याचे नाव पडले. या प्रथिनामुळे लाळ खनिजाचा साठा सोबत बाळगते आणि इनॅमलला जिथे उणीव पडते तिथे तो पुरवते.

हाच पापुद्रा जिवाणूंनाही जागा देतो का?

होय. दाताला थेट चिकटणे जिवाणूंना अवघड असते, पण पापुद्र्यातील प्रथिने ओळखून त्यांना धरण्याची सोय काही जातींकडे असते. स्ट्रेप्टोकोकस कुळातील काही जिवाणू अमायलेजला, तर काही प्रोलीनयुक्त प्रथिनांना पकडतात. या पहिल्या रहिवाशांच्या आधाराने इतर जाती येतात आणि प्लाक तयार होतो. तो काढला नाही की लाळेतील खनिज त्यात साचून कीटण बनते.

मात्र सुरुवातीला येणारे अनेक जिवाणू निरोगी तोंडाचेच नेहमीचे रहिवासी असतात. वारंवार साखर मिळाली आणि लाळ कमी पडली की आम्लात तग धरणाऱ्या जातींचे फावते. त्यामुळे घासण्याचा हेतू प्लाक काढणे हा असतो. पापुद्रा कितीही घासला तरी काही मिनिटांत परत येतोच, अर्थात लाळ असेल तर.

रोजच्या जगण्यात तो कुठे जाणवतो?

जांभूळ, कच्चे केळे किंवा सुपारी खाल्ल्यावर तोंड आवळल्यासारखे होते. या फळांतील टॅनिन लाळेतील प्रोलीनयुक्त प्रथिनांना पकडून त्यांचा साका करते. वंगण कमी होते आणि जिभेला खरखर जाणवते. ज्याला तुरटपणा म्हणतात, तो बऱ्याच अंशी या वंगणाच्या अभावाचा स्पर्श असतो. चहातील अशीच संयुगे पापुद्र्यात मिसळतात. त्यामुळे चहाबाजांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. हा डाग बहुतेकदा इनॅमलवर नसून पापुद्र्यावर असतो.

कैरी किंवा चिंच जास्त खाल्ली की दात आंबतात. मराठीतील हा नेमका शब्दप्रयोग आम्लाच्या हल्ल्याचेच वर्णन करतो. अशा वेळी इनॅमलचा वरचा थर तात्पुरता मऊ झालेला असतो. म्हणून आंबट खाल्ल्यावर लगेच जोराने घासण्याऐवजी साध्या पाण्याने चूळ भरावी आणि लाळेला थोडा वेळ द्यावा, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. रात्री झोपण्यापूर्वी दात घासण्याचा आग्रह धरला जातो, त्यामागे हे कारण आहे.

लाळच आटली तर काय होते?

निरोगी माणसात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती घटण्याची कारणे अनेक आहेत. ॲलर्जी, नैराश्य आणि रक्तदाब यांवरील काही औषधांनी तोंड कोरडे पडते. उतारवयात एकाच वेळी अनेक औषधे सुरू असतात, त्यामुळे हा त्रास ज्येष्ठांमध्ये जास्त दिसतो. मधुमेहातही कोरड पडते आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. शोग्रेन सिंड्रोममध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळग्रंथींवर उलटते.

सर्वांत तीव्र रूप दिसते ते तोंड, घसा आणि मानेच्या कर्करोगावर किरणोपचार घेतलेल्या रुग्णांमध्ये. कर्करोगाच्या पेशी मारण्यासाठी बहुधा ६० ते ७० ग्रे इतकी मात्रा दिली जाते. कानाजवळच्या लाळग्रंथी त्याहून बऱ्याच कमी मात्रेनेही निकामी होऊ लागतात. लाळ कमी होते, दाट आणि चिकट होते. खनिजाचा पुरवठा, वंगण, आम्ल निष्प्रभ करणारे क्षार असे सारे एकदम घटते. मग काही महिन्यांतच हिरडीलगत, दाताच्या मानेभोवती कीड गोल फिरू लागते. एरवी जिथे सहसा कीड लागत नाही, त्या पुढच्या दातांच्या कडाही किडतात. रुग्ण कर्करोगातून वाचतो आणि दात मात्र एकेक करून तुटू लागतात.

पुढचा पेच आणखी कठीण असतो. किरणोत्सर्ग झालेल्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. अशा ठिकाणचा दात काढला तर जखम न भरता हाड मृत होण्याचा धोका असतो. म्हणजे किडलेला दात ठेवणे त्रासाचे आणि काढणे जोखमीचे.

भारतासाठी हा प्रश्न मोठा का?

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार जगात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण आढळले. त्यांपैकी सुमारे १ लाख ४४ हजार एकट्या भारतातील होते. जगातील दर तीन रुग्णांपैकी एकाहून अधिक भारतीय आहे. भारतीय पुरुषांमध्ये हाच कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. तंबाखू आणि सुपारी ही त्याची मुख्य कारणे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी तंबाखू मळून खाण्याची सवय गावोगावी आहे. दात स्वच्छ राहतात या समजुतीने मिश्री लावणाऱ्या स्त्रियाही कमी नाहीत. दातांसाठी म्हणून लावली जाणारी ही भाजलेली तंबाखूच तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढवते.

यांपैकी अनेक रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घ्यावे लागतात. उपचारांच्या नियोजनात जीव वाचवणे साहजिकच पहिले असते. पण वाचलेल्या रुग्णाला पुढे भाकरी चावायची असते आणि चारचौघांत बोलायचे असते. कोरड्या तोंडाने कोरडा घास गिळता येत नाही. दात गेले की आहार पातळ पदार्थांवर येतो. लाळ नसल्याने कवळीही नीट बसत नाही, कारण ती जागेवर धरून ठेवायलाही लाळेचाच पातळ थर लागतो.

लाळग्रंथी वाचवण्याचा मार्ग काही अंशी उपलब्ध आहे. ब्रिटनमधील ‘पारस्पोर्ट’ चाचणीत किरणांची तीव्रता नियंत्रित करून कानाजवळच्या ग्रंथी वाचवणाऱ्या आयएमआरटी तंत्राची जुन्या पद्धतीशी तुलना झाली. २०११ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आलेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर जुन्या पद्धतीच्या ७४ टक्के रुग्णांना लक्षणीय कोरड होती. नव्या तंत्रात हे प्रमाण ३८ टक्के होते. प्रमाण निम्म्यावर आले, तरी उरलेले ३८ टक्के हे जवळपास दर पाचांतील दोन रुग्ण आहेत.

ब्राझीलचा मार्ग वेगळा कसा?

साओ पावलो विद्यापीठाच्या बाउरू येथील दंत महाविद्यालयात मारिलिया बुझालाफ यांचा गट पापुद्र्यावरच काम करतो. आम्लाच्या माऱ्यातही दाताला चिकटून राहणारी प्रथिने कोणती, हा त्यांचा प्रश्न होता. अशी प्रथिने बाहेरून पुरवली तर पापुद्रा अधिक मजबूत करता येईल, अशी यामागची कल्पना. मानवी लाळेत सिस्टॅटिन कुळातील प्रथिने असतात. त्याच कुळातील एक प्रथिन साओ कार्लोसच्या संघराज्य विद्यापीठातील संशोधकांनी उसापासून मिळवले. त्याच्या जनुकावरून जिवाणूंकरवी ते तयार करता येते. हे ‘केनसीपीआय-५’ इनॅमलला घट्ट चिकटते आणि आम्लाने होणारी झीज कमी करते, असे प्रयोगांत आढळले. स्टॅथरिनच्या तुकड्यासोबत आणि हिमोग्लोबिनसोबत त्याच्या मिश्रणाचेही प्रयोग झाले आहेत. किरणोपचारांनंतरची कीड रोखणे हे या गटाचे एक उघड उद्दिष्ट आहे. दात किडवणारी साखर ज्या उसातून येते, त्याच उसात दात राखणारे प्रथिन सापडावे, हा योगायोग ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्राच्याही ध्यानात राहील असा आहे.

ब्रिटनमधील दोन्ही पद्धती लाळेतील खनिजांवर उभ्या आहेत. ज्याची लाळ आटली आहे, त्याच्या तोंडात त्या कितपत चालतील, याची वेगळी तपासणी लागेल. ब्राझीलचे काम अशा रुग्णाला डोळ्यांसमोर ठेवून सुरू आहे, मात्र बाजारात येण्यासाठी त्यालाही मोठ्या चाचण्यांची पायरी ओलांडावी लागेल. निरोगी दात पांढरे, चकचकीत करणाऱ्या उत्पादनांना बाजार मोठा असतो आणि किरणोपचार घेतलेल्या गरीब रुग्णाचा बाजार लहान असतो. त्यामुळे असे संशोधन आधी कोणासाठी उत्पादनाचे रूप घेईल, हा विज्ञानाइतकाच धोरणाचा प्रश्न आहे. जगातील सर्वाधिक मुखकर्करोगी असलेल्या भारतात या चाचण्या व्हाव्यात, असे म्हणायला त्यामुळेच आधार आहे.

तोवर हातात काय आहे?

सर्वांत जुना आणि तपासलेला उपाय फ्लोराइडचा. ते इनॅमलमध्ये खनिज परत बसण्यास मदत करते आणि नव्याने बसलेले खनिज आम्लाला अधिक दाद देत नाही. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यावरून वाद पेटला असून २०२५ मध्ये युटा राज्याने ते बंद केले. तो वाद पाण्यापुरता आहे. भारतात अशी योजना नाही. उलट अनेक भागांत भूजलातच ते जास्त आहे. टूथपेस्टमधील फ्लोराइड दाताच्या पृष्ठभागावर काम करते आणि थुंकून टाकले जाते. ‘फ्लोराइडमुक्त’ नव्या पद्धतींच्या बातम्या वाचून आज हातातले साधन सोडण्याचे कारण नाही.

तोंड कोरडे पडणाऱ्यांसाठी काही गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. घोट घोट पाणी पिणे, तंबाखू, सुपारी आणि दारू टाळणे, खाण्याच्या वेळा कमी ठेवणे या त्यांपैकी. कोरड घालवण्यासाठी अनेक जण लिमलेटची गोळी किंवा गोड-आंबट आवळा सुपारी चघळतात. तोंडाला तात्पुरते पाणी सुटते, पण ज्या दातांवर कवचच उरलेले नाही त्यांच्यावर साखर आणि आम्ल तासन् तास फिरत राहते. त्याऐवजी साखरविरहित च्युइंगम चालते. कोणत्या औषधाने कोरड पडते, हे डॉक्टरांना विचारता येते. पर्याय असू शकतो. औषध मात्र स्वतःहून बंद करू नये.

किरणोपचार घेणाऱ्या रुग्णासाठी सर्वांत मोलाचा काळ उपचारांपूर्वीचा असतो. वाचण्याजोगे नसलेले दात आधीच काढून जखम भरू देणे, उरलेल्या दातांना नेमाने फ्लोराइड लावणे आणि पुढे ठरावीक अंतराने तपासणी, हा क्रम दंतशास्त्राला नवा नाही. पण कर्करोगाचे निदान झाल्यावर घरात जी धावपळ सुरू होते, तीत दंतवैद्याची आठवण बहुधा कोणाला राहत नाही. कर्करोग रुग्णालयाच्या पहिल्या कागदावरच दंततपासणीची ओळ छापलेली असेल, तर अनेकांचे दात वाचू शकतील. त्यासाठी लोकरीच्या किंवा उसाच्या प्रथिनाची वाट पाहावी लागत नाही.